ग्नोमच्या जागी एक्सएफसीई: जुन्या कॉम्प्युटरवर डेस्कटॉप बदलण्याचा क्रम

फोन बहुधा रात्री नऊच्या पुढे येतो. "भैया, स्क्रीन काळी पडायली. वरच्या कोपऱ्यात नुसती रेघ लुकलुकायली." मी विचारतो, आधी काय केलं? उत्तर ठरलेलं असतं. लिनक्सचं ग्नोम (समोर दिसणारा डेस्कटॉप) जड चालायलं म्हणून काढून टाकलं, मग एक्सएफसीई (त्याहून हलका डेस्कटॉप) टाकायला घेतलं, अन् मधेच लाईट गेली. जिंतूर असो, वसमत असो की गंगाखेड, गोष्ट हीच. राहतं घर आधी पाडलं आणि मग विटा आणायला निघाले.

डेस्कटॉप ही एक वस्तू नाही, ती उतरंड आहे. सगळ्यांत खाली कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि ग्राफिक्स ड्रायव्हर. त्यावर एक्स सर्व्हर (पडद्यावर चित्र काढणारा), त्यावर विंडो मॅनेजर (खिडक्या सांभाळणारा), त्यावर पॅनेल-फाइल मॅनेजर वगैरे एकत्र चालवणारं सेशन, आणि या सगळ्याला दार म्हणून लॉगिन स्क्रीन. नवी उतरंड खालून रचायची, जुनी तोवर हलवायची नाही. बिघाड शोधतानाही खालच्या मडक्यापासूनच हात लावत यायचं.

पुढचं सगळं डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) १२ किंवा १३ वर ग्नोम आहे असं धरून लिहिलंय. मिंट आणि उबुंटूवर बहुतेक आज्ञा त्याच, काही पॅकेजांची (प्रोग्रामच्या गठ्ठ्यांची) नावं वेगळी. आज्ञा टर्मिनलच्या खिडकीत द्यायच्या, मी फोनवर सांगतो तशाच देवनागरीत दिल्यात. टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरा, मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलंय. स्पेस, डॅश, स्लॅश जिथे दिसतात तिथेच द्या.

१. तयारी

यातच अर्धा दिवस गेला तरी चालेल.

आधी मशीन किती बिटचं आहे ते बघा: "युनेम -एम". उत्तरात ६४ दिसलं तर ठीक. शेवटी ६८६ दिसलं तर तुमची सिस्टिम ३२ बिटची आहे. डेबियन १३ मध्ये ३२ बिटच्या पीसीसाठी इन्स्टॉलरही नाही आणि कर्नलही नाही, म्हणून अशा मशीनवर १२ च राहू द्या. "नवीन ते चांगलं" म्हणून अपग्रेडच्या मागे लागू नका.

मग तारीख बघा: "डेट". हसू नका. जुन्या मशीनमधला मदरबोर्डचा नाण्याएवढा सेल मेलेला असतो आणि लाईट गेली की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. मग ॲप्ट (पॅकेजं आणून बसवणारा प्रोग्राम) म्हणतं, रिलीज फाइल अजून वैध झालेलीच नाही, आणि माणूस तासभर इंटरनेटला शिव्या देत बसतो. सेलवर सीआर २०३२ असं छापलेलं असतं. तो बदला.

तिसरं, जागा: "डीएफ -एच". मूळ विभागात, म्हणजे नुसता स्लॅश असलेल्या ओळीत, निदान पाच जीबी मोकळे हवेत. नसतील तर "सुडो ॲप्ट क्लीन" द्या, डाउनलोड केलेली जुनी पॅकेजं निघून जातील.

चौथं, सुडो (आज्ञा रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, हक्काने चालवणारं) चालतं का. डेबियन टाकताना रूटचा पासवर्ड दिला असेल तर तुमचं खातं सुडो गटात नसतं. "सुडोअर्स फाइलमध्ये नाही" असा संदेश आला तर "एसयू -" देऊन रूट व्हा, "अ‍ॅडयूजर तुमचंनाव सुडो" द्या, मग पूर्ण लॉगआउट करून परत आत या. "एसयू" नंतरचा डॅश विसरू नका. तो नसेल तर रूटच्या आज्ञांची वाट त्याला माहीत नसते आणि "कमांड नॉट फाउंड" येतं.

पाचवं, होम फोल्डरची नक्कल. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर चार जीबीपेक्षा मोठी एकच फाइल त्यावर बसत नाही, म्हणून सगळ्याची मिळून एक झिप करू नका. आणि दुसऱ्या पेनड्राइव्हवर कोणतंही लाइव्ह (न बसवता पेनड्राइव्हवरूनच चालणारं) लिनक्स तयार ठेवा. गरज पडणार नाही, पण असलं की हात थरथरत नाहीत.

राहिली लाईट आणि डेटा. दिवसाचा दीड जीबी मोबाइल डेटा असेल तर पॅकेजं आधी नुसती उतरवून घ्या, बसवणं नंतर. ते पुढच्या पायरीत येतंच. बसवण्याचं काम मात्र गावातल्या भारनियमनाची वेळ बघूनच काढा. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरून घ्या. डेस्कटॉप असेल आणि इन्व्हर्टर नसेल, तर लाईट नुकतीच आलेली असताना बसा.

तपासा: मोबाइलची वायर लावून "यूएसबी टेथरिंग" चालू करा आणि नेट मिळतंय का बघा. वायफाय रुसलं तरी ही वाट बहुतेक मशीनवर उघडी असते.

२. जुनं तसंच ठेवून नवं आणणं

"सुडो ॲप्ट अपडेट" द्या. मग:

"सुडो ॲप्ट इन्स्टॉल --डाउनलोड-ओन्ली एक्सएफसीई४ एक्सएफसीई४-गुडीज"

हो म्हणण्याआधी किती एमबी उतरवायचे आहेत ती ओळ वाचा. आजच्या डेटात बसत नसेल तर "एन" दाबा आणि उद्या करा. सगळं उतरलं की तीच आज्ञा "--डाउनलोड-ओन्ली" काढून द्या. आता नेट लागत नाही, फक्त लाईट लागते.

सावधान: मशीन जुनं म्हणून काही जण "--नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स" जोडतात. तसं करू नका. शिफारशीच्या यादीत खुद्द झॉर्ग (म्हणजे एक्स सर्व्हर) आहे, पेनड्राइव्ह लावताच उघडणारा भाग आहे, सूचना दाखवणारा भाग आहे. शंभर-दोनशे एमबी वाचवायचे आणि मग पेनड्राइव्ह दिसत नाही म्हणून फोन करायचा, हा व्यवहार तोट्याचा.

उलट टोक म्हणजे "टास्क-एक्सएफसीई-डेस्कटॉप". त्यात ऑफिससकट पुष्कळ काही येतं. कोऱ्या मशीनवर ते सोयीचं. ग्नोम आधीच असेल तर गरज नाही.

बसवताना निळ्या पडद्यावर लॉगिन मॅनेजर कोणता हवा असं विचारलं, तर सध्या ग्नोमचा "जीडीएम३" च ठेवा. लॉगिनचं दार आज बदलायचं नाही.

मधेच लाईट गेली तर? पुन्हा चालू करा आणि याच क्रमाने द्या:

"सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए"
"सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल"

पहिली आज्ञा अर्धवट बसलेली पॅकेजं पूर्ण करते, दुसरी राहिलेली आणते. कुलूप मिळत नाही, "लॉक-फ्रंटएंड", असा संदेश आला तर ती लॉक फाइल उडवू नका. पाठीमागे आपोआप होणारं अपडेट चालू असतं. दहा मिनिटं चहा घ्या. ती फाइल बळजबरीने काढून दोन ॲप्ट एकाच वेळी चालले, तर पॅकेजांची नोंदवहीच बिघडते.

३. लॉगिन स्क्रीनला वळसा घालून चाचणी

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात.

ग्नोममधून लॉगआउट करा. नुसता पडदा लॉक करून चालणार नाही, एकाच खात्याची दोन सेशनं एकमेकांच्या पायात येतात. लॉगिन स्क्रीनवर असताना कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबा. काळ्या पडद्यावर नाव विचारेल. नाव द्या, पासवर्ड द्या. पासवर्ड टाइप करताना चांदण्या दिसत नाहीत, कीबोर्ड बिघडलेला नाही. मग:

"स्टार्टएक्सएफसीई४"

एक्सएफसीई उघडलं तर ड्रायव्हर, एक्स सर्व्हर, विंडो मॅनेजर आणि सेशन, चारही मडकी नीट बसली. यानंतर काही बिघडलंच तर दोष लॉगिन स्क्रीनचा, हे आत्ताच कळून चुकतं. उघडलं नाही तर चूक याच काळ्या पडद्यावर लिहून येते. मोबाइलने तिचा फोटो काढा.

सावधान: "स्टार्टएक्सएफसीई४" किंवा "स्टार्टएक्स" च्या आधी सुडो कधीही लावायचं नाही. लावलंत तर तुमच्या होम फोल्डरमधली "डॉट एक्सऑथॉरिटी" (डॉट म्हणजे टिंब) ही फाइल रूटच्या मालकीची होऊ शकते, आणि उद्यापासून पासवर्ड बरोबर देऊनही लॉगिन स्क्रीन तुम्हाला परत दारातच उभं करेल.

४. आठ दिवस राहून बघणं

लॉगआउट करा, जीडीएमच्या लॉगिन स्क्रीनवर या. आपल्या नावावर क्लिक केल्यावरच खाली उजव्या कोपऱ्यात दातेरी चाक दिसतं. नावावर क्लिक न करता चाक शोधणारे पुष्कळ. चाकातून एक्सएफसीई निवडा. ही निवड पुढच्या वेळीही टिकते.

आता रोजची कामं यातच करा. आवाज येतो का, पेनड्राइव्ह उघडतो का, प्रिंट निघते का, झोपवलेलं मशीन उठतं का. या आठवड्यात हमखास येणाऱ्या तक्रारी अशा:

पॅनेलवर वायफायचं चिन्ह नाही. नेट चालू असतं, दाखवणारा कोणी नसतो. चिन्ह आणणाऱ्या प्रोग्रामचं नाव एनएम-ॲप्लेट. डेबियन १२ मध्ये तो "नेटवर्क-मॅनेजर-ग्नोम" या पॅकेजात येतो. नावात ग्नोम आहे म्हणून घाबरू नका, त्याने ग्नोम परत येत नाही. चिन्ह असूनही "डिव्हाइस नॉट मॅनेज्ड" दिसलं, तर "/इटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस" या फाइलीत त्या कार्डाची नोंद बसलेली असते. नोंद तिथे असली की नेटवर्क मॅनेजर त्या कार्डाला हात लावत नाही. फाइलीची नक्कल ठेवा, त्या ओळींच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह द्या आणि मशीन रीस्टार्ट करा. "एलओ" नावाच्या ओळी तशाच राहू द्या.

प्रोग्राम पासवर्डची चौकट न दाखवताच मिटतो. चौकट दाखवणारा एजंट नसतो. "मेट-पॉलकिट" बसवून परत लॉगिन करा.

खिडकी सरकवताना पडदा अडखळतो. सेटिंग्जमध्ये "विंडो मॅनेजर ट्वीक्स", तिथे कंपोझिटरचा (खिडक्यांच्या सावल्या वगैरे रंगवणाऱ्या भागाचा) टॅब, त्यातून तो भाग बंद करून बघा. फार जुन्या ग्राफिक्सवर एवढ्यानेच मशीन हलकं वाटायला लागतं.

आणि एक न आवडणारी गोष्ट सांगूनच टाकतो. "फ्री -एच" ही आज्ञा ग्नोममध्ये लॉगिन केल्याबरोबर एकदा आणि एक्सएफसीईत एकदा देऊन बघा, किती मेमरी सुटली ते तुमच्याच मशीनवर दिसेल. पण ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडलेत तर ती सुटलेली मेमरी ब्राउझर दोन मिनिटांत खातो. अभ्यासिकेत पोरं चार व्हिडिओ एकदम उघडून "एक्सएफसीई पण हँग व्हायलंय" म्हणतात. त्यावर डेस्कटॉप बदलणं हा उपाय नाही, रॅम वाढवणं हा आहे. हार्ड डिस्क फिरती असेल तर एसएसडी.

५. मराठी

अक्षरं चौकोनी दिसत असतील किंवा जोडाक्षरं फुटत असतील तर "फॉन्ट्स-लोहित-देवा" किंवा "फॉन्ट्स-नोटो-कोर" बसवा. टायपिंगसाठी "आयबस" आणि "आयबस-एम१७एन". मग "आयएम-कॉन्फिग" चालवून आयबस निवडा, लॉगआउट करा, परत आत या. हे लॉगआउट चुकवलं की "आयबसमध्ये मराठी दिसतंय पण टाइप होत नाही" ही तक्रार येणारच, कारण नवी सेटिंग सेशन सुरू होतानाच वाचली जाते. ग्नोममध्ये केलेली कीबोर्डची निवड इथे आपोआप येत नाही, ती आयबसच्या प्राधान्यांत जाऊन पुन्हा जोडावी लागते. एम१७एनमध्ये मराठीसाठी इनस्क्रिप्ट आहे, उच्चारानुसार टाइप करणाऱ्यांसाठी फोनेटिकही आहे.

सेवा केंद्रवाल्यांसाठी: जुन्या वर्ड फाइली कृतिदेव किंवा श्रीलिपीत असतील तर त्या इथे इंग्रजी अक्षरांचा कचरा म्हणून उघडतात. तो मजकूर मुळात युनिकोड नाहीच. तो फॉन्ट टाका किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. एक्सएफसीईच्या सेटिंगमध्ये शोधून काही मिळणार नाही.

६. लॉगिनचं दार बदलणं

आठ दिवस काही अडलं नाही, मगच जीडीएमच्या जागी लाइटडीएम हा लॉगिन मॅनेजर आणा.

"सुडो ॲप्ट इन्स्टॉल लाइटडीएम"

आता निळा पडदा विचारेल तेव्हा लाइटडीएम निवडा. पडदा आलाच नाही तर "सुडो डीपीकेजी-रिकॉन्फिगर लाइटडीएम". रीस्टार्ट करण्याआधी खात्री करा: "कॅट /इटीसी/एक्स११/डिफॉल्ट-डिस्प्ले-मॅनेजर". "एक्स११" मधलं एक्स मोठं. उत्तरात लाइटडीएम दिसलं पाहिजे. ग्नोमच्या खिडकीत बसून लॉगिन मॅनेजर बंद-चालू करू नका, अंगावरचं सेशन कोसळतं. सरळ रीस्टार्ट करा.

डेबियनचा लाइटडीएम खात्यांची यादी दाखवत नाही, नाव टाइप करायला लावतो. तिथे बरेच जण स्वतःचं पूर्ण नाव लिहितात. लॉगिनचं नाव द्यायचं, छोट्या अक्षरांत. एक्सएफसीई निवडलेलं आहे ना, तेही इथेच वरच्या पट्टीत बघून घ्या.

७. ग्नोम काढणं

काढलंच पाहिजे असं नाही. डिस्कवर पडून राहिलं तर ते फारशी मेमरी खात नाही. माझं मत विचाराल तर जागेची तंगी नसेल तेव्हा राहू द्या, अडीअडचणीला दुसरं दार असतं.

काढायचंच असेल तर आधी "सुडो ॲप्ट-मार्क मॅन्युअल नेटवर्क-मॅनेजर" द्या. ग्नोमच्या पाठोपाठ आलेली पॅकेजं ग्नोम गेल्यावर "ऑटोरिमूव्ह" बरोबर निघतात, त्यात नेटवर्क मॅनेजरही जाऊ शकतो. मग ते परत उतरवायला नेट नाही, आणि नेट लावायला ते नाही.

नंतर कोरडी तालीम: "ॲप्ट -एस रिमूव्ह ग्नोम-कोर". "-एस" मुळे काहीच निघत नाही, काय निघेल ती यादी फक्त दिसते. ती ओळ न ओळ वाचा. त्यात एक्सएफसीई, लाइटडीएम किंवा झॉर्ग दिसलं तर थांबा. यादी ठीक वाटली की "-एस" काढून सुडोसह तीच आज्ञा द्या. "ऑटोरिमूव्ह" साठीही आधी अशीच तालीम करा. "-वाय" जोडून न वाचता हो म्हणण्याची सवय इथे महागात पडते.

८. काळा पडदा: कोणतं मडकं हललं

मशीन चालू होतंय आणि चित्र येत नाही, तेव्हा अंदाज बांधू नका. खालून वर या.

पहिलं, कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबा. लॉगिन विचारलं तर कर्नल जिवंत आहे, डेटा सुरक्षित आहे, आणि पुन्हा इन्स्टॉल करायची गरज नाही. नुकत्याच झोपेतून उठलेल्या मशीनवर एफ७ आणि एफ८ ही दाबून बघा, कधी कधी तुमचं सेशन तिथेच बसलेलं असतं.

एफ३ नेही काही झालं नाही तर मशीन बंद करून चालू करा. ग्रबच्या (चालू होताना आधी दिसणाऱ्या) यादीवर "ई" दाबा, "लिनक्स" ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी स्पेस देऊन "नोमोडसेट" लिहा आणि एफ१० दाबा. आता चित्र आलं तर दोष ग्राफिक्स ड्रायव्हरचा किंवा फर्मवेअरचा (कार्डाला लागणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा). एएमडी कार्ड असेल तर "फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स" हे पॅकेज आहे का बघा. डेबियन १२ पासून असं फर्मवेअर इन्स्टॉलरबरोबरच येतं, पण त्याआधीच्या डेबियनवरून वर आलेल्या मशीनमध्ये ते राहून गेलेलं असतं. नोमोडसेट मात्र कायमचं लिहून ठेवू नका. त्याने रिझोल्युशन अडकतं आणि व्हिडिओचा सगळा भार प्रोसेसरवर पडतो.

दुसरं, "डीएफ -एच". शंभर टक्के भरलेली डिस्क हे काळ्या पडद्याचं सर्वांत साधं आणि सर्वांत दुर्लक्षित कारण आहे.

तिसरं, "सिस्टिमसीटीएल स्टेटस डिस्प्ले-मॅनेजर". हिरव्या रंगात "ॲक्टिव्ह" असेल तर दार शाबूत आहे. "फेल्ड" असेल तर सहाव्या पायरीतली रिकॉन्फिगरची आज्ञा पुन्हा द्या.

चौथं, एक्स सर्व्हरची नोंद. ती "/व्हार/लॉग/झॉर्ग.०.लॉग" (स्पेलिंग एक्स-ओ-आर-जी, एक्स मोठं) मध्ये असते, आणि तुम्ही स्वतः "स्टार्टएक्सएफसीई४" दिलं असेल तर होममधल्या "डॉट लोकल/शेअर/झॉर्ग" मध्ये. "ग्रेप" ने कंसातलं मोठं "ईई" शोधा. एक गंमत लक्षात ठेवा: फाइलीच्या सुरुवातीला खुणांचा अर्थ सांगणारी ओळ असते, तिच्यातही "ईई" असतं. ती चूक नव्हे. दर महिन्याला कोणीतरी मला त्याच ओळीचा फोटो पाठवतं.

पाचवं, पासवर्ड दिल्यावर पडदा क्षणभर काळा होऊन परत लॉगिनवरच येतो. इथे "एलएस -एल डॉट एक्सऑथॉरिटी" देऊन मालक बघा (डॉट म्हणजे टिंब, शब्द नव्हे, आणि फाइलीच्या नावात फक्त एक्स मोठं). रूट दिसला तर "सुडो चोन तुमचंनाव:तुमचंनाव" आणि पुढे फाइलीचं नाव. "चोन" ची स्पेलिंग सी-एच-ओ-डब्ल्यू-एन. मालक बरोबर असेल तर होममधली "डॉट एक्ससेशन-एरर्स" फाइल वाचा, शेवटच्या ओळींत कारण असतं.

सहावं, तरीही कळलं नाही तर नवं खातं काढा: "सुडो अ‍ॅडयूजर चाचणी", हेही नाव इंग्रजीतच. त्या खात्यातून एक्सएफसीई नीट उघडलं तर सिस्टिम ठणठणीत आहे, बिघाड तुमच्या सेटिंग्जमध्ये आहे. आता एक्सएफसीईतून पूर्ण बाहेर या, एफ३ च्या काळ्या पडद्यावर आपल्या नावाने लॉगिन करा आणि "एमव्ही ~/डॉट कॉन्फिग/एक्सएफसीई४ ~/एक्सएफसीई४-जुनं" द्या. फोल्डर पुसायचं नाही, फक्त बाजूला ठेवायचं. एक्सएफसीई चालू असताना हे केलंत तर काही उपयोग होत नाही, कारण सेटिंग्ज मेमरीत धरून बसलेला प्रोग्राम त्याच चुका परत लिहून ठेवतो.

खिडक्यांच्या माथ्यावरची पट्टी गायब झाली, त्या हलत नाहीत की बंद होत नाहीत, असं असेल तर विंडो मॅनेजर पडलेला असतो. टर्मिनलमध्ये "एक्सएफडब्ल्यूएम४ --रिप्लेस &" दिलं की परत येतो. पॅनेल गेलं असेल तर "एक्सएफसीई४-पॅनेल &". दर लॉगिनला हेच करावं लागत असेल, तर लॉगआउटच्या चौकटीत "सेव्ह सेशन" वर टिक राहिलेली असते आणि मोडकं सेशनच रोज जसंच्या तसं उघडतं. ती टिक काढा, लॉगआउट व्हा आणि एफ३ वरून "डॉट कॅश/सेशन्स" मधल्या फाइली पुसा. या मात्र बिनधास्त पुसल्या तरी चालतात.